बिनबांगड्यांची मनगटं

आमच्या घरातल्या बाया बांगड्या घालत नाहीत. आम्ही सौंसरला भाड्यानं राहायला आलो तेव्हा शेजारणीनं आईला सरळच विचारलं, "काहो बाई, मालक तं चांगले धडधाकट दिसून राहिले तुमचे, मंग हात काहून रिकामे?"

आई म्हणाली, "मालकाले धराले अडचण होते." शेजारीण लाजून आत पळाली.

आईनं खरं तेच सांगितलं होतं. माझे आजोबा रामाकोन्याचे. तरुणपणी पांढुर्ण्यात आलेल्या सर्कशीमागे निघून गेले; मग लग्न तंबूत, पोरंही तंबूत, बाबा त्यांतलेच. उंचावरच्या झुल्यांवर बाबा झेलणारे आणि आई उडणारी. बाबा गुडघ्यांनी झुल्याला उलटे लटकायचे. आई पलीकडून आपला झुला सोडून हवेत यायची आणि ते तिची मनगटं धरायचे. हात धरायचा नाही, घामानं सुटतो. मनगट धरायचं. मध्ये काच नको, म्हणून बांगडी नाही. एक झोका दोघांनी मिळून घ्यायचा, मग आई "हप!" म्हणायची आणि त्याच क्षणी बाबांनी सोडायचं. तरच तिला तिचा परत येणारा झुला सापडायचा.

पुढं पुन्हा पांढुर्ण्याचा मुक्काम पडला, तेव्हा बाबांनी सोडायला उशीर केला. अर्ध्या श्वासाचा असेल. झुला निघून गेला होता. आई जाळीच्या काठावर पडली आणि तिथून उसळून जमिनीवर. मी चार वर्षांची होते. आई वाचली, पण कंबर कायमची गेली. सर्कस पुढच्या गावाला गेली, आम्ही मागं राहिलो. बाबा संत्र्याच्या बगीच्यांत तोडाईला जाऊ लागले.

त्या दिवसाबद्दल ते आयुष्यात एकदाच बोलले. "मले भेव वाटलं. वाटलं, सोडलीच नाही तं पडन कशी?"

तेव्हापासून बाबा धरूनच आहेत. रस्ता ओलांडताना माझं मनगट. जामसांवलीच्या मारुतीला शनिवारच्या गर्दीत मनगट. कॉलेजच्या पहिल्या दिवशी, चांगली अठरा वर्षांची मी, गेटापर्यंत मनगट. मागून पोरी खिदळत होत्या. दुखायचं मात्र कधीच नाही. बाबांच्या हाताचा वळसुद्धा उठत नाही. दुखलं असतं तर ओरडता तरी आलं असतं.

मी बी.ए. झाले, मग बी.एड. आमच्या घराण्यात दहावीपर्यंतही कोणी पोचलं नव्हतं. हे मी मिरवते. का मिरवू नये? पण दोन वर्षांपूर्वी आई काविळीनं गेली आणि बाबांच्या हातात माझं एकटीचंच मनगट उरलं. मागच्या वर्षी बैतूलला नोकरी लागली होती. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मी गेले नाही. घरी शिकवण्या घेत राहिले. दोन खोल्या, समोर रस्ता, रस्त्यावरून जाणारी छिंदवाड्याची बस. नळावर पाणी भरायला गेले तरी आतून आवाज यायचा, "आली का गं?" दिवसातून किती वेळा "आले" म्हणायचे, मोजदाद नाही. गेलेच नव्हते कुठं, तरी येतच होते.

यंदा मंडल्याकडच्या एका आश्रमशाळेचं पत्र आलं. अमुक दिवशी दुपारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. आदल्या सकाळी बाबा स्वतः बॅग घेऊन स्टँडवर आले. पहिली बस लागली. मी पाऊल उचललं तर मनगट त्यांच्या मुठीत.

"हे लय भरली आहे. दुसरीनं जाय."

दुसरी आली. "डायवर पायला काय? झोपून राहिला तो."

चहावाला गाळण आपटत ओरडला, "काय सर्कसवाले, पोट्टी काय उडून जाऊन राहिली काय? सोडा नं तिले!" लोक हसले. बाबाही हसले. मूठ तशीच.

तिसरी बस आली. ही चुकली की छिंदवाड्याहून पुढची गाडी मिळणार नव्हती. कंडक्टर दारावर थाप मारून राहिला होता. मी हिसका देऊ शकत होते. पण हिसका बसला की झेलणारा आणखी आवळतो, हे आमच्या घरात पाळण्यातल्या लेकरालाही कळतं. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर बसच्या चाकावर होती. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, आई म्हणायची तसंच, वरच्या आवाजात. "हप!"

बोटं उघडली. बाबांनी ठरवून काही केलं नाही. ते आपल्या हाताकडे बघतच राहिले. मी बॅग उचलून चढले. खिडकीशी बसते न बसते तोच ते खाली येऊन उभे.

"उशीर तं नाही झाला नं माह्या हातून?"

"नाही बाबा. बरोबर टायमावर सोडलं."

दोन गाड्या डोळ्यांदेखत निघून गेल्या होत्या, बैतूलची नोकरी गेली होती. ते दोघांपैकी कोणीच काढलं नाही. बाबांनी मान हलवली आणि बस सुटली.

रामाकोना आलं तेव्हा लक्षात आलं, सौंसरपासून मी उजवं मनगट डाव्या हातानं धरून बसले होते.