मुशीचं कातडं आणि भुऱ्याची शिंगं

अकोल्याला उतरेपर्यंत मी पिशवी चारदा चाचपली होती. आत काचेच्या झाकणाचा डबा, आणि डब्यात हातभर मुशीचं (शार्कचं) सुकं कातडं. बाबा कोकणात होड्या बांधायचे, वल्ही याच कातड्याने घासायचे. ते गेल्यावर माझ्या वाट्याला एवढंच आलं. तेल्हाऱ्याची मैत्रीण विद्या विज्ञान शिकवते. तिच्या शाळेत दुपारी दोनला मी मुशीबद्दल बोलणार होते.

तेल्हाऱ्याच्या एसटीबाहेर लांबवर पऱ्हाटी (कपाशी) पसरली होती. शेजारच्या भाजीवाल्या काकूंनी डब्यात काय म्हणून विचारलं. माझ्यासारख्या मास्तरणीला एवढं पुरतं. मुशीला हाडंच नसतात, नुसती कूर्चा. पडलेल्या दाताच्या जागी जन्मभर नवा दात येतो. वाळूत दडलेल्या माशाच्या अंगातली बारीकशी वीजही तिला कळते. आणि तिच्या कातडीवरसुद्धा सूक्ष्म दात असतात, हे सगळं मी सांगून टाकलं.

"अंगाले दात? पाहू द्या बरं." त्यांनी हात पुढे केला.

मी डबा मागे ओढला. इतक्या वर्षांत मी त्या कातड्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

विद्याकडे उद्याच्या पोळ्याची गडबड होती. डबा ओसरीवरच्या बाजेवर ठेवून मी जेवायला बसले. भाकरी, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. हात धुऊन येते तो डबा उघडा आणि रिकामा. दीड वाजला होता. मी बाज उलटी केली, विद्यावर उगाच खेकसले. तेवढ्यात गोठ्यातून खर्र, खर्र ऐकू आलं. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

विद्याचे सासरे आबाजी भुऱ्या बैलाचं शिंग घासत होते. माझं कातडं त्यांच्या मुठीत होतं. मी ओरडणार तोच विद्याने मनगट धरलं. गेल्या पोळ्याला काचेच्या तुकड्याने शिंग साळताना (खरवडून गुळगुळीत करताना) काच मुळाशी लागली, तेव्हापासून भुऱ्या शिंगाला हात लावू देत नाही. आता दचकला तर शिंग आबाजींच्या छातीत जाईल, असं ती कानात पुटपुटली.

मी दारातच खिळले. कातडं डोळ्यांदेखत झिजत होतं. जिवंत मुशीला नवे दात येतात, सुक्या कातड्याला नाही. मला रडू येत होतं आणि म्हाताऱ्याचा भयंकर राग येत होता. मध्येच भुऱ्याने मान झटकली. शिंग आबाजींच्या बरगडीला घासून गेलं. त्यांनी त्याची मान थोपटली आणि पुन्हा सुरुवात केली.

एक शिंग चकाकल्यावर त्यांनी मला पाहिलं. कोकणातल्या पाहुणीने पोळ्याची भेट आणली, असा त्यांचा समज झाला होता.

"याच्यासाठीच आणलं ना वं पोरी? काच पायली का बिथरते हा. याले नाई बिथरला."

एकाच दिशेने घासायचं कुणी सांगितलं, एवढंच मला विचारता आलं.

"सांगन कोन? हात फिरवून पायला. इकून जाऊ देते, तिकून चावते. चावते तिकूनच घासाव."

बाबांची रीत हीच होती. दुसरं शिंग अजून बाकी होतं.

"तेही करून टाका," मी म्हणाले.

दोनला शाळेत गेले ती डब्याशिवाय. कातडं वर्गभर हातोहात फिरलं, झिजलेल्या कोपऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी भुऱ्या लाल हिंगूळ लावलेल्या शिंगांनी तोरणाखाली उभा राहिला. निघताना मी कातडं गोठ्याच्या खुंटीला अडकवलं. त्याआधी उलट्या दिशेने एकदा जोरात बोट फिरवलं. बोटाचं टोक सोललं.

परतीच्या गाडीत डबा उघडला. त्यात आता आबाजींनी दिलेली पुरणपोळी होती. तुपाने बोट चुरचुरलं. बाबांच्या बोटांची सालं अशीच कायम निघालेली असायची. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच ते मला इतके जवळ वाटले.