कावळ्याला दिलेला शब्द

आमच्या गाडीला दोनच सीट. एक माझी, एक हिची. मागं बसायची जागाच नाही, तिथं इंजिन आहे. ही म्हणायची, "जपान्याच्या घरात भांडणं होत नसतील. रुसून मागं जाऊन बसायची सोयच ठेवली नाही मेल्यानं."

मी चौथी शिकलेला माणूस. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये चाळीस वर्षं डेंटिंग केलं, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा हातोडीनं सरळ करायचा आणि वर रंग मारायचा. राहायला अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडं. माझ्यासारख्याकडं जपानची रेसिंगची गाडी कशी, हे लोक अजून विचारतात. काहींना वाटतं चोरीची आहे. वाटू दे.

कॅम्प चारमध्ये एक सिंधी सेठ होता. त्याचे भाऊ जपानला कापडाचा धंदा करायचे. तोही तिकडं बरीच वर्षं राहिला आणि परत येताना ही गाडी बोटीतून घेऊन आला. लाल, बसकी, जमिनीला पोट लागेल इतकी खाली. दिवे बॉनेटमध्ये लपलेले. बटण दाबलं की दोन डोळे वर यायचे. गल्लीत गाडी आली तेव्हा बायका पोळ्या तव्यावर टाकून बघायला आल्या होत्या. सेठनं वर्षभरात ती दोनदा ठोकली, दोन्ही वेळा माझ्याकडंच आली. मग त्याची कंबर गेली आणि गाडी ताडपत्रीखाली गेली, ती कितीतरी वर्षं तिथंच. सेठ म्हातारा झाला, मकान विकून पोराकडं परदेशात जायला निघाला, तेव्हा मला बोलावून म्हणाला, "भाऊ, तू ले जा. भंगारवाला दो बार पूछ के गया. मेरे सामने काटेगा तो मैं मर जाऊंगा."

घेतली. ताडपत्रीखाली उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. चालू करायला दीड वर्ष लागलं. दिवे वर आणणारं गियर झिजलं होतं, ते इथं कुठं मिळणार? अंबरनाथच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक लेथवाला ओळखीचा होता, त्यानं नायलॉनच्या तुकड्यातून नवं करून दिलं. तेव्हापासून उजवा डोळा लगेच उघडतो आणि डावा जरा विचार करून. ही गाडीला बेडकी म्हणायची. "तुमची बेडकी डोळा मारते बघा."

दर रविवारी दुपारी आम्ही बदलापूरच्या पुढं बारवीच्या रस्त्याला जायचो. तिथं एका टपरीवर कांदाभजी मिळतात. हिचे गुडघे गेलेले, सीट इतकी खाली की एकदा बसली की मी हात धरून ओढल्याशिवाय उठता यायचं नाही. म्हणून मी उतरून भजी आणायचो आणि ती गाडीतच बसून खायची. रेडिओला इथलं एकही स्टेशन लागत नाही, तिकडचे आकडे वेगळे आहेत म्हणे. ही म्हणायची, "रेडिओ बंद आहे म्हणून मी बोलते." आणि बोलायची. जाताना गाडीला शिव्या, येताना मला. सीट टोचते, उकडतं, लोक बघतात, म्हातारपणी शोभतं का, विका एकदाची. दर रविवारी एकदा तरी "विका एकदाची" व्हायचंच.

स्पीडब्रेकर आला की मात्र गप्प. आमच्या सोसायटीच्या गेटवर एक मोठा आहे. तिरपी घेतली तरी गाडीचं पोट खर्र करून घासायचं. तेव्हा ही दरवाज्याच्या हँडलला धरून सीटवरून अंग उचलायची आणि श्वास रोखायची. मी सांगायचो, "अगं, तू अंग उचललंस म्हणून गाडी हलकी होते का?" तर म्हणायची, "तुम्ही पुढं बघा."

यंदा जानेवारीत ही गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, पाचव्या दिवशी नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, येत नाही.

दहावा बदलापूरला उल्हास नदीच्या घाटावर केला. मुलगा, सून, हिची धाकटी बहीण म्हणजे माझी मेहुणी, आणि आठ-दहा नातेवाईक. मेहुणी बदलापूरलाच राहते, डबे भरभरून आली होती. गुरुजी कडक. कांदा-लसूण चालणार नाही म्हणून त्यांनी तिची एक पुडी परत पाठवली. केळीच्या पानावर पिंड ठेवला, आम्ही मागं सरकलो, आणि कावळ्याची वाट बघत बसलो.

कावळे होते. समोरच्या झाडावर पाच-सहा. बघत होते, येत नव्हते.

दहावं ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे हा वेळ कसा जातो. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा राहिलीय, मग एकेकानं पुढं होऊन कबूल करायचं. मुलगा म्हणाला, "आई, पप्पांना मी सांभाळतो." कावळा नाही. सून म्हणाली, "आई, तुमचे लोणच्याचे दगड, बरण्या सगळं जपेन." नाही. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, नातीचं शिक्षण. तेही नाही. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, "नसेल शिवत तर दर्भाचा कावळा करून उरकू." हिला गवताच्या कावळ्यानं पाठवायची?

मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पप्पा, गाडीचं बोला."

"काय बोलू?"

"तुम्हाला माहीत आहे काय बोलायचं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सगळ्यांनाच माहीत होतं. मी घसा साफ केला आणि हात जोडून म्हणालो, "बरं बाई. विकतो गाडी."

एक कावळा सरळ खाली आला आणि पानावर बसला.

बायकांनी पदर डोळ्याला लावले. मुलगा म्हणाला, "बघा." मला रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं संसार केला आणि जाताना मनात गाडी ठेवलीस? दुसरं काही नव्हतं?

पुढं दोन महिने मी गाडीला हात लावला नाही. ताडपत्री टाकून ठेवली. मुलानं मोबाइलवर फोटो टाकले तर लोक तुटून पडले. ठाण्याचा एक जण पक्का झाला. रविवारी बघायला येतो म्हणाला. म्हणून शनिवारी मी बॅटरी चार्ज केली, धुतली, आणि पेट्रोल टाकायला बाहेर काढली. हिच्याशिवाय पहिल्यांदाच. गेटचा स्पीडब्रेकर आला. सवयीनं गाडी तिरपी केली, दात आवळले, खर्रची वाट बघितली.

आवाज आलाच नाही. एकट्या माणसाला गाडी तेवढी खाली बसत नाही.

पंपावर जाऊन आलो. येताना पण नाही आला. गाडी लावून मी बराच वेळ आत बसून राहिलो. विकायचीच आहे, उद्या जाईल, बरंच आहे, असं स्वतःला सांगत होतो. पण खरं सांगतो, तिची सीट दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार हे मला गिळता येत नव्हतं. आणि शब्द मोडता येत नव्हता. माणसाला दिलेला असता तर हातापाया पडलो असतो.

रविवारी ठाण्याचा गिऱ्हाईक आला. पस्तिशीचा, दाढी कोरलेली, गाडीची माझ्यापेक्षा जास्त माहिती. खाली झोपून चॅसी बघितली. दिवे वर-खाली केले. डावा डोळा उशिरा उघडला तर हसला. "काका, पेंट ओरिजिनल?"

"माझ्या हातचा आहे."

"टॉप आहे. पण मी काळा करणार, मॅट. आणि या सीट काढून रेसिंगच्या टाकणार."

"टाका," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चावी माझ्या मुठीत होती, ती काही सुटेना.

तेवढ्यात गेटवर रिक्षा थांबली आणि त्यातून मेहुणी उतरली. घामाघूम. मुलानं तिला सकाळी फोनवर सांगितलं होतं की आज गाडी जातेय.

"भावोजी, थांबा. दिली का?"

"देतोय."

"देऊ नका. माझ्या मानेवर सुरी ठेवल्यासारखं झालंय दोन महिने." ती पायरीवर बसली. "तो कावळा गाडीसाठी नाही आला."

मुलगा म्हणाला, "मावशी, सगळ्यांसमोर आला."

"सगळे तुझ्या बापाकडं बघत होते. पानाकडं कोण बघत होतं? मी पान वाऱ्यानं उडतंय म्हणून सारखं करायला पुढं गेले आणि त्या पिंडाशेजारी दोन भजी ठेवली."

"कसली भजी?"

"कांद्याची! कसली म्हणजे? ताईची बारवीच्या टपरीवरची. सकाळी मुद्दाम रिक्षा करून आणली होती. गुरुजींनी पुडी परत दिली तेव्हा मी पर्समध्ये टाकली. दहाव्याला कांदा, कुणाला सांगू? मला वाटलं पाप लागेल ते मला लागेल, पण तिला उपाशी का पाठवू?"

मी विचारलं, "मी बोललो ते आधी का भजी आधी?"

"मी ठेवली आणि तुम्ही 'बरं बाई' म्हणालात. कावळा तेव्हाच निघाला होता झाडावरून. 'विकतो गाडी' म्हणेपर्यंत तो अर्ध्या वाटेत होता. मी वर बघत होते ना, घाबरून, गुरुजींनी बघितलं की काय म्हणून."

"मग दोन महिने तोंडात काय धरलं होतंस?"

"तुम्ही विकणार नाही असं वाटलं होतं मला! इतकी वर्षं ताई ओरडली, कधी विकलीत का?"

मला हसू आलं. हसू म्हणजे असलं की भिंतीला हात टेकावा लागला. जानेवारीपासून पहिलंच. ठाण्याचा गिऱ्हाईक माझ्याकडं, मेहुणीकडं, गाडीकडं बघत होता. "काका, म्हणजे डील कॅन्सल? भज्यावरून?"

"कॅन्सल. चहा घेऊन जा."

मुलगा मात्र चिडला. "पप्पा, असं कसं? तुम्ही आईला शब्द दिलाय."

"आईला नाही. कावळ्याला. आणि त्यानं ऐकलाच नाही."

बोलायला बोललो, पण पोरगा आत गेल्यावर तेच डोक्यात फिरायला लागलं. शब्द तोंडातून गेला होता, हात जोडून, नदीवर. मेहुणीची नजर चुकली असेल तर? कावळा अर्ध्या वाटेत होता का पाव वाटेत, हे कोण सांगणार? हिच्या मनात काय होतं ते मला जिवंतपणी कळलं नाही, आता काय कळणार. मी मेहुणीला म्हणालो, "चल, तुला घरी सोडतो. जाता जाता एक काम आहे."

"या गाडीत? मी नाही बसत. ताई म्हणायची, विहिरीत उतरल्यासारखं वाटतं."

बसली. मेहुणी हिच्याच अंगाची आहे, घरातल्या सगळ्या बहिणी तशाच. गेटच्या स्पीडब्रेकरवर मी गाडी तिरपी घेतली आणि खालून आवाज आला, खर्र.

"अगंबाई! भावोजी, काय तुटलं?"

"काही नाही तुटलं," मी म्हणालो. "नीट बस." मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलं नाही.

बारवीच्या रस्त्याच्या टपरीवर भजी घेतली. टपरीवाल्यानं गाडी ओळखली, आत वाकून बघितलं, मेहुणीला बघून गोंधळला, मग त्याला समजलं असावं. एक झारा भजी जास्त टाकली आणि वळला.

घाटावर दुपारी कुणी नव्हतं. मेहुणीला हात धरून ओढून बाहेर काढली, तिनं हिच्याच सुरात शिवी दिली. मी पायरीवर कागद अंथरला आणि त्यावर दोन भजी ठेवली. मेहुणी कुजबुजली, "काहीतरी बोला."

"नाही बोलत. एकदा बोलून बघितलंय."

मागं सरकायलाही वेळ मिळाला नाही. कावळा आला, एक भजं उचललं, आणि दुसरा आला तर त्याच्याशी भांडला.

छातीवरून दगड काढून ठेवावा तसं झालं. मी तिथंच पायरीवर बसलो. उरलेली भजी मेहुणी आणि मी कागदातून खाल्ली. ती म्हणाली, मीठ कमी आहे. आहेच, त्याच्याकडं नेहमीच कमी असतं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. बहुतेक त्याचा राग उतरला होता. "पप्पा, कुठं आहात?"

"घाटावर. कावळा शिवला."

तो म्हणाला, "आता काय कबूल केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. "नुसती भजी ठेवली."