लॉकअप कुठे सुटतो

दादाच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीला मी लॉकअपचा स्विच बसवला आणि त्या एवढ्याशा स्विचने तीन दिवस माझ्या डोक्याचा भुगा केला. जुन्या जालन्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. लोक माझ्या भरवशावर अख्खे ट्रक सोडून जातात, आणि इथे सख्ख्या भावाची एक वायर मला जुमानत नव्हती.

दादाने बावीस वर्षं ट्रक चालवला. मग अपघातात डावा पाय चिरडला, ऑपरेशन झालं आणि ट्रक सुटला. पाय आता बिलकुल बरा आहे असं तो घरात सगळ्यांना सांगायचा. चालताना जरासाच लंगडायचा, म्हणून आम्हीही मानायचो. क्लच दाबायला नको म्हणून त्याने ही गाडी घेतली. पुढे त्याच्या कानावर आलं की एका बंद धावपट्टीवर रविवारी ड्रॅग रेस आहे, दोन-दोन गाड्या, सरळ रेषेत. झालं, घरात दुसरा विषय नाही. अजून एकदा ड्रायव्हर म्हणून उतरायचंय, असं तो म्हणाला तेव्हा मला नाही म्हणवलं नाही.

अशा गाडीत इंजिनाचा जोर तेलातून गिअरपर्यंत पोचतो आणि त्यातला थोडा वाया जातो. लॉकअप लागला की इंजिन आणि गिअर थेट घट्ट जोडले जातात. तो आपल्या मर्जीने लावता यावा म्हणून हा स्विच. त्याची वायर मी ब्रेकच्या स्विचमधून नेली होती, कारण ब्रेकला पाय लागताच लॉकअप सुटायला हवा. नाहीतर थांबताना इंजिन बंद पडतं.

वडीगोद्रीच्या पुढे प्लॉटिंगचा रिकामा रस्ता आहे, तिथे आम्ही गाडी पळवून बघायचो. दादा स्विच दाबायचा, लॉकअप लागून इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली यायचा, मी खूश व्हायचो आणि लगेच काटा परत वर. लॉकअप सुटलेला. मी स्विच बदलला, रिले बदलला, अर्थिंग घासून लख्ख केलं, जुनी वायर उपसून नवी ओढली. तरी तेच. वर दादाचं शहाणपण चालूच, तुझीच वायर लूज आहे म्हणून. मी गाडीला नावं ठेवली की नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचा. शनिवारी दुपारी माझा पारा चढला. पक्कड सीटवर आपटली, तूच पळव एकटा म्हणालो आणि भर उन्हात रस्त्यावर उतरलो.

गाडी निघाली. चांगला वेग घेत होती, आणि मागचे लाल दिवे लागले. विझले. पुन्हा लागले.

तो वळून आला तसं मी दार उघडलं. तीन दिवसांचा राग तोंडापर्यंत आला होता.

"दादा, ब्रेकवर पाय कशाला ठेवून राह्यला तू?"

"कुठं ठेवला? पाय खालीच हाय माझा."

मी वाकून पाहिलं. ट्रकमध्ये क्लच असतो त्या सवयीने डावा पाय सरकत गेला होता आणि ब्रेकच्या रुंद पेडलवर टेकला होता. हा धडधडीत खोटं बोलतोय असं वाटलं, म्हणून मी चपलेतला त्या पायाचा अंगठा धरून करकचून पिळला.

दादा हूं की चूं न करता समोर बघत होता. "सापडली का लूज वायर?" त्याने विचारलं.

मी अंगठा सोडला नाही. त्याने खाली पाहिलं, अंगठ्यावर आवळलेला माझा हात पाहिला. मग हळूच म्हणाला, "ती ब्रेकची वायर काढून टाक. मंग धरंल बराबर. घरी काही सांगू नको."

दोन मिनिटांचं काम होतं. लॉकअप सुटला नसता आणि त्याची रेस झाली असती. मला त्याची कीव आली, आणि त्याने आमच्यापासून हे लपवलं याचा संतापही आला. मी हात घालून चावी काढून घेतली.

परत येताना गाडी मी चालवली. दादा बाजूला बसला होता आणि रस्ताभर दोन्ही हातांनी आपला डावा पाय चाचपत होता.