बांगडी फिरते का?

खालापूरच्या आमच्या डॉक्टरीणबाई अतिशय घाबरट होत्या, आणि ते त्या पेशंटला तोंडावर सांगत. इतर डॉक्टर काळजी करू नका म्हणतात. बाई म्हणायच्या, "काळजी कर. मी करतेच आहे, तूही कर." आजूबाजूच्या गावांत त्यांचं नावच घाबरट डॉक्टरीण पडलं होतं. तरी त्यांच्या दवाखान्यातलं बाकडं कधी रिकामं नसायचं.

पहिल्या खेपेला मी उलट्यांनी हैराण होऊन तिसऱ्या महिन्यातच माहेरी पळसदरीला आले. बाईंनी माझं रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. बाळात दोष दिसत नाही असा निकाल आला. आईने देवाला हात जोडले, पण बाई चष्मा कपाळावर सरकवून निकाल पुन्हा वाचत होत्या.

"बाळाचा डीएनए वारेतून आईच्या रक्तात उतरतो," त्या म्हणाल्या. "तुझ्या रक्तात तो जरा जास्तच दिसतोय. वार नीट रुजली नसली, झिजत असली, की असं होऊ शकतं. मग पुढे बीपी चढतं, झटकेही येतात. तुला तसं होईलच असं नाही. नक्की कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर मला भीती वाटते."

मला धडकीच भरली. माझं बाळ थोडंसं माझ्याच रक्तातून फिरतंय, ही खरं तर केवढी गोड गोष्ट! पण त्या दिवसापासून पोटावर हात ठेवायचीही मला भीती वाटू लागली.

सातव्या महिन्यात आईने ओटी भरली आणि हातात हिरव्यागार बांगड्या चढल्या. बाईंची एक खास सवय होती. बीपी बघायच्या आधी त्या मनगट धरून एक बांगडी फिरवायच्या. मधल्या दिवसांत फोन करून विचारायच्या, "बांगडी फिरते का?" मी फिरवून बघायची आणि फिरते म्हणायची. कशासाठी ते मात्र, एवढ्या बोलक्या बाई, सांगायच्या राहून गेल्या होत्या.

आठव्या महिन्यात एकदा बांगडी फिरवताना त्या पुटपुटल्या, "जरा अडतेय." बीपी ठीक होतं. "चार दिवसांनी पुन्हा ये," एवढंच त्या म्हणाल्या.

आईने ते मनावर घेतलं. घरी आल्याबरोबर तिने कासाराला बोलावलं, घट्ट बांगड्या वाढवल्या आणि मोठ्या मापाच्या भरायला लावल्या. "बाईंना घट्ट बांगडी आवडत नाय गं," ती म्हणाली. "उगा बोलून घ्यायला नको." मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. मी बांगडी फिरवली. गरागरा फिरली. तसं मी सांगितलं, पण बाई फोन ठेवेनात.

"काल अडत होती. आज फिरते?"

"आईने नव्या भरल्या ना, सैल."

बाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "डोकं दुखतंय का?"

सकाळपासून दुखत होतं. जागरणाने असेल म्हणून मी कुणाला बोलले नव्हते.

ड्रायव्हरला घेऊन बाई स्वतःच गाडीने आल्या. बीपी बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अंगणातल्या अंगणातच त्यांनी इंजेक्शन दिलं. "मला काय ठावं बाई, बांगडीवरनं सूज बघत व्हतात ते," आई रडत म्हणत होती. "तुम्हाला कुठून ठाऊक असणार? मीच सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत त्या माझं मनगट धरून बसल्या होत्या. "मी फार घाबरलेय," त्या सारख्या म्हणत होत्या, "तू डोळे मिटू नकोस." मी मिटले नाहीत. संध्याकाळी लेक झाली, ओंजळीएवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि जगली.

मागच्या वर्षी बाई अंथरुणाला खिळल्याचं कळलं. लेकीला घेऊन मी भेटायला गेले. त्यांचा हात हातात घेतला आणि कधी त्यांच्या मनगटातली सोन्याची बांगडी फिरवू लागले ते कळलंच नाही. ती जागची हलली नाही.

बाई माझ्याकडेच बघत होत्या. "घाबरलीस?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता तू घाबर. मी दमले."