निम्म्यावर मिटवलेलं

शिवणाच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी निम्म्याताई म्हणत. भाजी घ्यायची असो की कपाट, समोरच्याने भाव सांगायचा अवकाश, हिच्या तोंडून निम्मा आकडा बाहेर पडलेलाच. दुकानदार हात जोडायचे. ही म्हणायची, "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

पण आता तीही थकली होती. लग्नापासून पाठीवर बिऱ्हाड, आणि त्यात घरमालकाने पुन्हा खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. दिवसभर मशीनवर वाकून आल्यावर सामान बांधायचं, या विचारानेच तिचे खांदे भरून येत. शेवटी नवरा-बायकोने दोन खोल्यांचं घर पाहिलं, विसार दिला आणि गृहकर्जासाठी बँकेत जाऊन बसले.

टेबलामागच्या मुलीने संगणकात पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"काका, तुमचं छापखान्यासाठी घेतलेलं एक जुनं कर्ज दिसतंय."

त्याने मान खाली घातली. छापखाना बुडाला त्याला जमाना झाला होता. आता तो दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी करत होता. घरात तो विषय निघाला की बायको चार शब्द सुनवायची आणि तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा.

"ते केव्हाच मिटलं," ती म्हणाली.

"मिटलं, पण पूर्ण फेडलं नाही. त्या बँकेने निम्म्यावर तडजोड करून बाकीचं सोडून दिलंय. त्यामुळे काकांचं नाव असेल तर मंजुरी मिळणार नाही. एकट्या तुमच्या पगारावर या घराएवढं कर्ज बसत नाही. नाहीतर सुटलेली रक्कम आता भरा, त्यांचा दाखला आणा आणि काही महिने थांबून पुन्हा या."

ती नवऱ्याकडे वळली. नेहमीचे चार शब्द जिभेवर तयारच होते.

"तडजोड कशाला केलीत, काका?" मुलीने सहज विचारलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "घाई झाली मला."

तिची जीभ जागच्या जागी थांबली. घाई त्याला कधी झाली होती? तो तर म्हणत होता, थोडं थोडं करून सगळं फेडू. तिनेच त्याला गप्प केलं होतं, व्यवहार कळत असता तर ही वेळ आली असती का, म्हणून. बँकेच्या वसुलीवाल्यासमोर कधी रडून, कधी भांडून तिनेच ते कर्ज निम्म्यावर आणलं होतं आणि वर नणंदेला तो पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"खोटं बोलतायत हे," ती म्हणाली. "घासाघीस मी केली होती."

मुलगी ओशाळली. "कोणी केली ते इथे दिसत नाही, काकू. नाव त्यांचंच लागलंय."

"तुझ्या एकटीच्या नावावर कर," नवरा हळूच म्हणाला. "एका खोलीचं बघू. मी काय, कुठेही पडेन."

"नाही. दोघांच्या नावावरच. साठवलेल्यातून आधी ते भरू."

"मग हे घर हातचं जाईल. विसारही."

"जाऊ दे."

ती टेबलाला धरून उठली. बाहेर आल्यावर जिन्यातच बसली. तोही शेजारी बसला.

"तेव्हा हट्ट का नाही धरलात?" तिने विचारलं. "मी ऐकलंही असतं कदाचित."

"छापखाना मी बुडवला होता," तो म्हणाला. "कोणत्या तोंडाने हट्ट धरणार?"