दादाच्या हॅटची फीत

आमच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतल्यानंतरचं पहिलं लग्न माझ्या थोरल्या भावाचं. दादा नेरला मास्तर होता. त्याने जाहीर करून टाकलं, बाशिंग बांधणार नाही, हॅट घालणार, आणि हॅट घालूनच चावडीवरून जाणार. बाबा आयुष्यभर चावडी आली की डोक्यावरचं फडकं काढून काखेत धरत. दादाला ते बघवत नसे. म्हणून हॅट हवी होती, आणि तिच्यात कुणाला हसायला जागा राहायला नको होती.

हॅट मिळाली यवतमाळच्या जुन्या बाजारात. फेल्टचं जाड कापड ठणठणीत, पण भोवतीची फीत कसरीने खाल्लेली. ‘‘फीत मी आणते, रंगाला रंग जुळवून,’’ असं मी बोलून बसले. सोळा वर्षांची होते, शिवण येत होतं, आणि हातापेक्षा तोंड जास्त चालायचं.

हॅटचा रंग कोणता, इथूनच भांडण लागलं. आई म्हणे बदामी, मावशी म्हणे तपकिरी. दादा म्हणाला चॉकलेटी. चॉकलेट आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं म्हणणं कुणाला खोडता येईना.

शेवटी हॅटच पिशवीत घालून मी एसटीने यवतमाळ गाठलं. दुकानात दिव्याखाली जुळलेली फीत उन्हात नेली की भलतीच निघायची. सात-आठ वेळा मी दुकानातून रस्त्यावर आत-बाहेर केलं. दुकानदार वैतागला.

‘‘बाई, लगन नवरदेवाचं हाय का टोपीचं?’’

‘‘टोपीचंच समजा जी,’’ मी म्हटलं आणि पुढचा गठ्ठा काढायला लावला. अखेर एक फीत अशी सापडली की फेल्टवर ठेवली की दिसेनाशीच व्हावी. ती शिवून मी चार घरी मिरवून आले.

लग्नाच्या सकाळी बाबांनी कुणाला न विचारता हॅट ब्रशने झाडली, ओल्या फडक्याने पुसली, आणि मला हाक मारली. हॅट राखाडी होती. स्वच्छ, लख्ख राखाडी! मी फीत जुळवली होती ती तिच्यावरच्या कैक वर्षांच्या धुळीशी.

‘‘बाबा, काहून पुसली तुमी?’’

‘‘मले वाटलं, पोरगं चांगलं दिसन.’’

आता यावर काय रागवायचं? आम्ही बापलेकींनी गुपचूप घरामागची धूळ आणून हॅटला परत चोळली. पण आमची माती काळी. हॅटला नुसते डाग पडले, तेही पुसावे लागले. तेवढ्यात दादा आला. त्याचं तोंड पाहून मला रडू फुटलं.

‘‘असा जाऊ काय मी चावडीवरून?’’

‘‘असाच जाय,’’ बाबा म्हणाले. ‘‘फक्त काढू नको.’’

नवरदेवाची बैलबंडी चावडीपाशी आली. पारावर गावातले पाच-सहा म्हातारे बसले होते. दादाची मान ताठ, हात गुडघ्यांवर गच्च. मागे मी, नजर त्या फितीवर. सगळ्यांत म्हाताऱ्याने डोळे बारीक करून दादाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि शेजारच्याला म्हणाला, ‘‘फीत नाही जुळली राजा.’’

बस, एवढंच. हॅट काढ असं कुणी म्हणालं नाही. खोट निघाली ती माझ्या फितीत. माझ्या कामाला आजवर पुष्कळांनी नावं ठेवली, पण त्या दिवशीइतकी खूश मी पुन्हा कधी झाले नाही.