रोमन घरातले हुसेनमियाँ

आमच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या सौदी मालकाने, इटलीत जमिनीतून उकरलेलं एक रोमन घर पाहिलं आणि रियाधला परतून तसंच बांधायला काढलं. नकाशे मी काढायचे, गवंडीकाम दापोलीच्या हुसेनमियाँनी करायचं. पुढच्या दालनाच्या छताला मधोमध मोठं भोक, खाली पावसाचं पाणी साठवायला हौद!

"इथे पाऊस कुठून आणायचा, तुझ्या महाडहून?" मियाँ भडकले. "वाळू पोहेल नुसती त्यात."

खरा राग हौदावर नव्हता. स्थानिकांनाच नोकऱ्या द्या म्हणणाऱ्या सौदीकरणाच्या नियमांत आमची कंपनी नापास झाली होती आणि परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, नवे होईनात. बाकीचे गवंडी कधीच मायदेशी गेले होते. मियाँना रियाधच्याच अल सुलै भागातल्या एका गोदामवाल्याने काम देऊ केलं होतं, पण कफीलने सोडल्याशिवाय जाता येईना. म्हणून ते रोज सकाळी नव्या घराच्या दारालगतच्या दगडी बाकावर बसत, कफील आला की उठून सलाम करत. तो म्हणे, "बुक्रा." म्हणजे उद्या.

मी चिडवलं, "चाचा, रोममध्येही हेच चालायचं. गरीब आश्रित सकाळी सकाळी मालकाच्या दारी हजर, मालक समोरच्या खोलीत थाटात बसलेला. सलाम ठोकला की खाण्याची टोपली मिळायची पण."

"मग माझी टोपली कुठाय रे? एवढ्या शतकांत मालकाने टोपली तेवढी बंद केली?"

कफीलचं कुटुंब राहायला येण्याच्या दिवशी घोळ कळला. रोमन घराच्या दारातून थेट मागची बाग दिसते. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून ते मुद्दाम तसंच बांधत. इथे त्या बागेत घरच्या बायका बसणार होत्या. कफीलने फर्मान सोडलं, आडवी भिंत, आत्ताच्या आत्ता.

भिंत कमरेएवढी झाली, दारात बायकांच्या गाड्या लागल्या, आणि मियाँ थापी ठेवून बाकावर जाऊन बसले.

"यल्ला, हुसेन!" चल, ऊठ म्हणून कफील ओरडला.

"बुक्रा," मियाँ म्हणाले.

गाडीतून कफीलच्या आईचा आवाज चढला. रस्त्यावरून आरपार दिसणाऱ्या घरात ती पाऊल टाकणार नव्हती. कफील लालबुंद. "तुरुंगात टाकीन!"

"टाक! मग भिंत घालायला रोमचा राजा बोलाव!" मियाँ मराठीत कडाडले. मी अरबीत सांगितलं, "आधी सोडा, मग भिंत, असं म्हणतायत."

कफीलने ऑफिसात फोन लावला. याला सोडा, खलास. काम झाल्याचा उलटा फोन येईपर्यंत मियाँ हलले नाहीत.

मग एकेक ठोकळा असा आपटला की रिकामा हौद दणाणला. जाताना पाहुण्यांसाठी मांडलेली खजुरांची टोपली त्यांनी कफीलच्या डोळ्यांदेखत उचलली. सलाम केला नाही.